हृदय थांबायची वाट बघताना

आम्ही ऑपरेशन थिएटरला लागून असलेल्या एका लहान खोलीत बसलो होतो. टोपी, मास्क, गाऊन, सगळं चढवून तयार. माझं यंत्र समोर सुरू करून ठेवलेलं होतं, त्यात अजून रक्त भरलेलं नव्हतं. दोन दारं सोडून पलीकडे एका माणसाचा व्हेंटिलेटर थोड्या वेळापूर्वी काढला होता. त्याचं हृदय थांबायची आम्ही वाट बघत होतो.

हे वाक्य ऐकलं की ऐकणारा जरा मागे सरकतो. म्हणून आधी माझं काम काय ते सांगते. मी परफ्युजनिस्ट आहे. हृदयाचं ऑपरेशन करताना सर्जनला बहुतेक वेळा ते थांबवावं लागतं. तेवढा वेळ शरीरात रक्त फिरवायचं, त्यात ऑक्सिजन मिसळायचा, हे काम एक यंत्र करतं आणि ते यंत्र मी चालवते. मिरजेला शिकले, पहिली काही वर्षं तिथेच काढली, मग सिंगापूरला आले आणि इथलीच झाले. घर हौगांगला, नोकरी हॉस्पिटलात. या कामातला एक क्षण मला नेहमी आवडत आलाय. ऑपरेशन संपत येतं, रक्त अडवून धरलेला चिमटा, म्हणजे क्लॅम्प, निघतो, थांबवलेलं हृदय जरा थरथरतं आणि ठोके द्यायला लागतं. कितीही वेळा पाहिलेलं असलं तरी थिएटरमधले सगळे तेवढा वेळ गप्प होतात. म्हणजे माझी सगळी नोकरी हृदय सुरू व्हायची वाट बघण्यात गेली. ते थांबायची वाट बघणं मला नवीन होतं.

अवयवदान म्हटलं की आपल्यासमोर मेंदू मृत झालेला पेशंट येतो. मेंदू गेलेला, पण व्हेंटिलेटरवर हृदय चालू. ते काढायचं आणि बर्फात ठेवून न्यायचं, ही जुनी पद्धत. पण काही पेशंटांच्या मेंदूला फार मोठी इजा झालेली असते, शुद्धीवर येण्याची आशा डॉक्टरांनीही सोडलेली असते आणि घरच्यांनीही, तरी कायद्याच्या भाषेत मेंदू मृत झालेला नसतो. घरचे ठरवतात की आता यंत्रं काढा. मग हृदय आपलं आपण थांबतं आणि मृत्यू होतो. अशा माणसाची किडनी घेता यायची, हृदय नाही. थांबलेलं हृदय दुसऱ्याला कसं द्यायचं? ते पुन्हा चालेल याची खात्री काय?

ती खात्री करून देणारं यंत्र आता आलंय. मृत्यूनंतर हृदय काढायचं, या पेटीसारख्या यंत्राला जोडायचं, त्याच माणसाचं रक्त गरम ठेवून त्यातून खेळवायचं. हृदय पेटीत पुन्हा ठोके देऊ लागतं. चांगलं चाललं तर घ्यायचं, नाही तर नाही. आमच्या हॉस्पिटलात हे नव्यानेच सुरू झालं होतं आणि पेटी माझ्याकडे होती.

नियम कडक आहेत. यंत्रं काढायची की नाही, हे ठरवण्यात आमच्या टीमचा काहीही संबंध नसतो. मृत्यू झाला हे आयसीयूचे डॉक्टर सांगणार, आम्ही नाही. हृदय थांबल्यावरही ठरलेली काही मिनिटं कुणी हात लावायचा नाही, ते आपोआप परत सुरू होत नाही ना हे बघायचं. आणि दुसऱ्या बाजूनेही मर्यादा आहे. व्हेंटिलेटर काढल्यावर हृदय ठराविक वेळात थांबलं नाही तर दान रद्द. कमी ऑक्सिजनवर ते फार रखडलं तर आतून खराब होतं.

त्या दिवशी तसंच झालं. आमची ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर रोहाना मधूनमधून दारात येऊन सांगत होती, प्रेशर तसंच आहे. परत यायची, तसंच आहे. शेवटी आमचे सर्जन डॉ. लिम उठले आणि त्यांनी हातमोजे काढले.

"आवरा," ते म्हणाले.

मी विचारलं, अजून थोडा वेळ बघायचं का.

"मेधा, हृदय त्यांचं आहे. त्याला चालायचं तेवढं चालू दे."

आम्ही पेटी बंद केली. तो माणूस परत वॉर्डमध्ये गेला, आपल्या माणसांत.

इकडे दुसऱ्या वॉर्डमध्ये मयेकर सकाळपासून उपाशीपोटी गाऊन घालून बसले होते. हे हृदय त्यांना मिळायचं होतं. नाव मी बदललंय. देवबागचे, मालवणजवळचे. निम्मं आयुष्य जहाजांवर काढलं, चीफ इंजिनिअर झाले, मग सिंगापूरच्या एका शिपिंग कंपनीत किनाऱ्यावरची नोकरी घेतली. जुरोंग आयलंडला टँकर लागला की गळ्यात पास अडकवून कंपनीच्या बसने जायचं आणि इंजिन रूममध्ये उतरायचं, असं काम. एक दिवस तिथून वर येताना दम लागला आणि जिन्यातच बसावं लागलं. तपासण्या झाल्या. हृदयाचा स्नायू ढिला पडला होता, कारण शेवटपर्यंत नीट सापडलं नाही. औषधांवर काही काळ निभावलं, मग छातीत पंप बसवावा लागला.

हा पंप म्हणजे हृदयाच्या टोकाला जोडलेली एक लहान मोटर. तिची वायर पोटातून बाहेर येते, कमरेला कंट्रोलर, खांद्यांवर बॅटऱ्या. मोटर रक्त सतत पुढे ढकलते, त्यामुळे ते ठोक्याठोक्याने न जाता नळाच्या पाण्यासारखं सलग वाहतं, आणि अशा बहुतेक पेशंटांच्या मनगटाला नाडी लागत नाही. या पंपांची तपासणी माझ्याकडे होती, म्हणून मयेकरांशी ओळख झाली. जहाजावर चीफ इंजिनिअरला सगळे नुसतं चीफ म्हणतात. मीही तेच म्हणायला लागले. पंपाबद्दल ते मला असे प्रश्न विचारायचे, की मला कंपनीची पुस्तिका काढून बघावी लागायची. बेअरिंगच नसलेला पंप आयुष्यात कधी हाताळला नाही, म्हणायचे, आणि मिळाला तर तो हा असा.

सुलभाताई, त्यांच्या पत्नी, प्रत्येक व्हिजिटला बरोबर असायच्या. एकदा चीफ एक्स-रेला गेले असताना त्या मला म्हणाल्या, झोपेत त्यांचा हात हातात आला की दचकायला होतं, ताई. हात गरम असतो, पण काहीच लागत नाही.

चीफना स्वतःला काय हवं होतं तर पाणी. पंप असलेल्या माणसाला पाण्यात उतरता येत नाही. वायर, बॅटऱ्या, सगळंच भिजून चालत नाही. त्यात प्रतीक्षायादीवर नाव असल्यामुळे हृदय कधीही येईल म्हणून सिंगापूर सोडता येत नव्हतं. देवबागला आई होती. व्हिडिओ कॉलवर ती फोन समुद्राकडे धरायची, पण तिचा हात कापायचा, त्यामुळे यांना दिसायची ती नुसती वाळू आणि तिची पावलं. ते तेवढं बघत बसायचे. संध्याकाळी ईस्ट कोस्टच्या बाकावर जाऊन बसायचे. समोर नांगर टाकून उभी असलेली जहाजं. त्यातली कुठली कुठल्या कंपनीची ते चिमणीच्या रंगावरून सांगायचे. जहाजावर होतो तेव्हा घराची ओढ असायची, म्हणायचे, आणि आता घरात आहे तर. ते वाक्य पुढे जात नसे.

तर त्या दिवशी डॉ. लिमनी त्यांना सांगितलं, आज होणार नाही, सॉरी. कारण थोडक्यात सांगितलं, खांद्यावर हात ठेवला आणि गेले. मी मागे राहिले, मराठी बोलणारी म्हणून.

चीफ म्हणाले, "म्हणजे ते अजून आहेत?"

"ते मला सांगता येत नाही, चीफ."

"नका सांगू. पण सकाळपासून मी इथे बसून काय करत होतो, ते मी तुम्हाला सांगतो. देवाचं नाव घेत होतो. पलीकडे एक जीव जायला टेकलाय आणि मी म्हणतोय, लवकर होऊ दे."

सुलभाताई म्हणाल्या, तुम्ही असं नव्हता म्हणत. ते म्हणाले, शब्द वेगळे होते, अर्थ तोच होता.

"मी काय मागायचं, ते तरी कुणी सांगा," ते मला म्हणाले.

मी वाकून त्यांच्या कंट्रोलरवरचे आकडे बघितले. बघायची काही गरज नव्हती. सुलभाताई खाली जाऊन फूड कोर्टमधून टोस्ट आणि कॉफी घेऊन आल्या, आणि इतका वेळ उपाशी असलेल्या माणसाने तो टोस्ट प्रत्येक घासाला थांबत थांबत खाल्ला. मग ती दोघं टॅक्सी करून घरी गेली.

त्यानंतर चीफनी विचारणं सोडलं. आधी प्रत्येक व्हिजिटला म्हणायचे, काही खबर? आता पंपाबद्दल बोलायचे, हवेबद्दल बोलायचे, यादीचा विषय काढायचे नाहीत. मात्र आमची काळजी वाढत होती. वायर पोटातून जिथे बाहेर येते तिथे त्यांना इन्फेक्शन झालं. बरं झालं, परत झालं. ते आत सरकत पंपापर्यंत गेलं तर हृदय मिळूनसुद्धा बसवता येईल की नाही सांगता येत नाही, असं डॉ. लिम मला एकदा लिफ्टमध्ये म्हणाले. चीफना हे स्पष्ट सांगितलेलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि ड्रेसिंग आणखी नीट करायला लागले. रोज स्वतः, आरसा लावून.

मग एका सकाळी रोहानाचा फोन आला. दाता दुसऱ्या एका हॉस्पिटलात होता. रक्तगट जुळत होता, बांधा जुळत होता. आम्ही पेटी अँब्युलन्समध्ये घालून निघालो.

आयसीयूच्या कॉरिडॉरमधून पेटी ढकलत नेताना एका बाकावर एक बाई बसलेली दिसली. तिने पेटीकडे बघितलं आणि पेटी वळेपर्यंत बघत राहिली. थोड्या वेळाने रोहाना आमच्या खोलीत आली. बाकावरची ती बाई दात्याची बायको होती. यंत्राबद्दल काही विचारायचंय, म्हणत होती.

डॉ. लिमना ते आवडलं नाही. "आपण कुटुंबाला भेटत नसतो."

"माहीत आहे," रोहाना म्हणाली. "पण त्यांचा निर्णय केव्हाच झालाय. त्यांना फक्त यंत्र समजून घ्यायचंय, आणि ते मला नीट सांगता येत नाही. मेधाला चालत असेल तर."

डॉ. लिमनी माझ्याकडे बघितलं. घेणाऱ्या पेशंटबद्दल एक अक्षर नाही, म्हणाले. मी म्हटलं, नाही.

तिच्याबद्दल ओळख पटेल असं मी काही लिहीत नाही, काही तपशील बदललेही आहेत. पन्नाशीच्या जवळपासची चिनी बाई. आंग मो किओच्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात सर्किट बोर्ड भिंगाखाली धरून तपासायचं काम करायची. नवऱ्याच्या मेंदूत अचानक रक्तस्राव झाला होता, त्यानंतर त्याने डोळे उघडले नव्हते. आम्ही इंग्रजीत बोललो. आधी तिने पेटीचीच चौकशी केली. करंट गेला तर? बॅटरी आहे, मी म्हटलं. ती संपली तर? दुसरी आहे. रक्त आत गोठलं तर? त्याचं औषध घालतो. तिने प्रत्येक उत्तराला मान हलवली, बोर्ड पास करत असल्यासारखी.

मग तिने विचारलं, "हृदय थांबल्यावर मला त्याच्याजवळ किती वेळ बसता येईल?"

"फार नाही. काही मिनिटं. मग इथले डॉक्टर सांगतील, आणि लगेच आत न्यावं लागेल."

"आणि तो वेळेत गेला नाही तर?"

"तर दान होणार नाही. ते परत खोलीत येतील. मग तुम्ही हवा तेवढा वेळ बसू शकता."

मग तिने सावकाश सांगितलं की त्यांच्या घरी माणूस गेल्यावर त्याला तासन् तास हात लावत नाहीत. हलवायचं नाही, रडून गोंधळ करायचा नाही. जवळ बसून मंत्र म्हणायचे, म्हणजे जाणाऱ्याला नीट जाता येतं. सासूचा यावर फार विश्वास. सासूला तिने आदल्या दिवशी सगळं समजावून सांगितलं होतं. सासू रडली, आणि मग म्हणाली, त्याला काय हवं होतं ते कर. आणि त्याला काय हवं होतं ते हिला माहीत होतं. टीव्हीवर काहीतरी बघताना तो एकदा म्हणाला होता, माझं सगळं घेऊन टाका, मला काय करायचंय.

"म्हणजे दान झालं तर मला बसायला मिळणार नाही. आणि बसायला मिळालं तर दान होणार नाही," ती म्हणाली.

"हो."

"तो कायम लेट असतो. आमच्या लग्नालाही लेट आला होता." ती किंचित हसली. "आज सकाळी त्याच्या कानात सांगितलंय, आज तरी वेळेवर जा."

माझी आई मिरजेत वारली तेव्हा मी इथे होते. शेवटचं बघितलं ते फोनच्या स्क्रीनवर. विमान मिळून घरी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं, अंगण धुऊन झालं होतं. काही करायचं नव्हतं मला, काही बोलायचंही राहिलं नव्हतं. नुसतं जवळ बसायचं होतं. त्याला आता बरीच वर्षं झाली, पण ते बसणं राहिलंच. आणि ही बाई ते आपण होऊन देऊन टाकत होती. हृदय तिच्या नवऱ्याचं होतं. हे मात्र तिचं स्वतःचं होतं, आणि त्याची नोंद कुठल्याच यादीत होत नाही.

मी उठायला लागले तेव्हा तिने आणखी एक गोष्ट मागितली. तुमच्या यंत्रावर ते सुरू झालं की कुणीतरी येऊन मला सांगा. मी रोहानाकडे बघितलं. रोहाना म्हणाली, मी येईन.

या वेळी आमची खोली जास्त जवळ होती. मधलं दार बंद होतं, पण तिचा आवाज येत होता. एकाच चालीतले मंत्र, हळू, न थांबता. आम्ही तिघंचौघं जमिनीकडे बघत बसलो होतो. मागच्या वेळी मी घड्याळाकडे बघत होते. या वेळी मला कुठल्याच बाजूने काही मागता येईना. तिच्यासाठी मागावं तर चीफचं काय, चीफसाठी मागावं तर तिचं काय. चीफनी मला जो प्रश्न विचारला होता तो माझ्याच पुढ्यात येऊन पडला होता.

तो माणूस वेळेवर गेला.

मंत्र चालू राहिले. ठरलेली मिनिटं कुणी हललं नाही. मग आयसीयूच्या डॉक्टरांचा आवाज आला, आणि पलंगाची चाकं. रोहानाने नंतर सांगितलं की त्याची बायको पलंगाबरोबर त्याचा हात धरून चालत आली, आणि थिएटरच्या दाराशी जमिनीवर लाल रेघ आहे तिथे कुणी सांगायच्या आत थांबली आणि तिने हात सोडला.

त्यानंतर विचार करायला वेळ नव्हता. त्याचं रक्त पेटीत घेतलं, गरम केलं. डॉ. लिमनी हृदय माझ्याकडे दिलं. निळसर, मऊ, निश्चल. आम्ही ते जोडलं आणि मी रक्त सोडलं. रंग बदलत गेला. आधी नुसती थरथर, वाऱ्याने पाणी हलावं तशी. एक बारीकसा शॉक दिला. क्षणभर काहीच नाही. मग एक ठोका, मग दुसरा, आणि मग ते चालायलाच लागलं.

रोहाना बाहेर गेली. लगेच परत आली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "त्या विचारतायत, तालात आहे का?"

मी पेटीच्या झाकणातून बघितलं, मॉनिटर बघितला. "सांग, तालात आहे."

पण नुसतं तालात असून भागत नाही. स्नायू उपाशी राहिला की रक्तात लॅक्टेट नावाचा पदार्थ वाढतो. हृदयात जाणाऱ्या रक्तापेक्षा बाहेर येणाऱ्या रक्तात तो कमी दिसला, तर समजायचं की हृदय सावरतंय, आलेलं लॅक्टेट खाऊन टाकतंय. आमच्या पहिल्या सॅम्पलमध्ये उलटं होतं. अँब्युलन्समध्ये बसल्यावर दुसरं घेतलं, तेही फारसं बरं नव्हतं. दुपारची वेळ, एक्सप्रेसवेवर लख्ख ऊन, दोन्ही बाजूंना नेहमीची झाडं, नेहमीच्या गाड्या, आणि माझ्या गुडघ्यांजवळ पेटीत एक हृदय चालू. तिकडे चीफना थिएटरमध्ये झोपवलं होतं, पण डॉ. लिमनी फोन केल्याशिवाय त्यांची छाती उघडायची नव्हती.

"दिसायला छान आहे," मी म्हटलं.

"दिसायला," डॉ. लिम म्हणाले. "मला आकडे दे."

मी रक्ताचा प्रवाह थोडा वाढवला, औषधाचा वेग कमी केला. थांबले. परत किंचित वाढवला. आता मला मागायला हरकत नव्हती. जे जायचं होतं ते गेलं होतं, आता कुणाच्या वाट्याचं काढून कुणाला द्यायचं नव्हतं. त्या पेटीवर हात ठेवून मी काय काय पुटपुटत होते ते मला आठवत नाही. मराठीत होतं, एवढं नक्की, कारण डॉ. लिमनी विचारलं, काय म्हणालीस? मी म्हटलं, काही नाही.

तिसरं सॅम्पल हातातल्या लहान यंत्रात घातलं. आकडा यायला नेहमीइतकाच वेळ लागला असेल. बाहेर येणाऱ्या रक्तातलं लॅक्टेट खाली आलं होतं. डॉ. लिमनी यंत्र माझ्या हातातून घेऊन स्वतः बघितलं आणि फोन लावला.

"सुरू करा," ते म्हणाले. "आम्ही येतोय."

पुढचं ऑपरेशन लांबलं. जुना पंप सोडवून काढायलाच वेळ गेला, तो आत चांगलाच चिकटला होता. पण नवं हृदय बसवून क्लॅम्प काढल्यावर त्याने आम्हाला फार ताटकळत ठेवलं नाही.

चीफ शुद्धीवर आल्यावर सुलभाताईंना आत सोडलं. त्यांनी आधी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग मनगट हातात घेतलं आणि तशाच उभ्या राहिल्या. नर्सला ब्लड प्रेशर घ्यायचं होतं. ती थोडा वेळ थांबली, मग इथल्या सिंगापुरी ढंगात म्हणाली, आंटी, जरा सोडा लाह. सुलभाताईंनी दुसरा हात पुढे केला, तो घे म्हणाल्या. धरलेला सोडला नाही.

त्या दिवशी त्या दुसऱ्या हॉस्पिटलातही एक खोली मोकळी करून दिली होती. शस्त्रक्रिया संपल्यावर त्या माणसाला नीट करून तिथे आणलं. त्याची बायको संध्याकाळपर्यंत जवळ बसली होती, म्हातारी सासूही आली होती. दोघी मिळून मंत्र म्हणत होत्या. उशिरा मिळालं, पण बसायला मिळालं. रोहानाने हे सांगितलं तेव्हा मी घरी जायला निघाले होते. जरा वेळ लॉकर रूममध्ये बसून राहिले आणि मग निघाले.

ती बाई अजूनही कधीतरी रोहानाला फोन करते. नाव विचारत नाही, बाई की पुरुष, कुठल्या वंशाचा, काही नाही. एवढंच विचारते, चालू आहे ना? रोहानाला तेवढं सांगायची परवानगी आहे. ती सांगते, चालू आहे. मग दोघी ठेवून देतात.

चीफचा पंप निघाल्यावर माझ्याकडे त्यांचं काही काम उरलं नव्हतं. तरी बऱ्याच महिन्यांनी एकदा दुसऱ्या डॉक्टरांची व्हिजिट संपवून ते माझ्या खोलीत आले. वजन वाढलं होतं, चेहरा भरला होता. आईच्या तब्येतीचं बोलले, देवबागला कधी जायची परवानगी मिळेल ते बोलले. तरी उठेनात. काहीतरी विचारायला आले होते हे मला दिसत होतं.

"नाव नको, गाव नको, ताई," ते म्हणाले. "मला माहीत आहे तुम्हाला सांगता येत नाही. एवढंच सांगा. शेवटी त्यांच्याजवळ कुणी होतं का?"

असा प्रश्न येईल याची कल्पना मला होती आणि उत्तर काय द्यायचं हेही ठरलेलं होतं. माहिती नाही, असं म्हणायचं. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून ते तोंडातून निघेना. आणि खरं बोलावं तर आपली भाषा अशी, की 'एकटा नव्हता' म्हटलं की पुरुष होता हे कळतं. 'बायको होती' म्हटलं की सगळंच कळतं. इंग्रजीत विचारलं असतं तर सहज सुटले असते. मी शब्द जुळवत राहिले. चीफनी घाई केली नाही.

"होतं," मी म्हटलं. "जवळ घरचं माणूस होतं."

चीफनी मान हलवली. आणखी काही विचारलं नाही. थोडा वेळ बसले, मग खुर्ची जागेवर सरकवून गेले. मी डॉ. लिमना जाऊन सांगितलं की मी एवढं बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ठीक आहे, याच्यापुढे नको.

शाळेत आमच्या बाई नपुंसकलिंग घोकून घ्यायच्या, तेव्हा हे कशाला शिकायचं ते कळत नसे. इतक्या वर्षांच्या नोकरीत ते मला एकदाच कामाला आलं.